जिनसेंग घेताना आधी मान बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोरियातल्या एका विक्रेत्याकडून 'वीस वर्षांचं जंगली जिनसेंग' घ्यायचा विचार चालला आहे. त्याने पाठवलेल्या फोटोत अंगठ्याहून जाड, गोरीपान, दोन पाय फुटलेली, थेट माणसासारखी दिसणारी मुळी आहे. किंमत ऐकून घरच्यांनी कपाळाला हात लावला आहे. ही मुळी खरंच जंगली आहे का? आणि मुळात जंगलीच घ्यायला हवी का?

पहिल्याचं उत्तर वर्णनातच आहे: नाही. ती बहुधा चार ते सहा वर्षांची, शेतात वाढलेली, चांगली पोसलेली मुळी आहे. दुसऱ्याचं उत्तरही बहुतेकांसाठी 'नको' असंच आहे, पण त्याची कारणं सांगायला जरा वेळ लागेल. वाळलेल्या काष्ठौषधींची प्रत तपासण्याचं काम मी कित्येक वर्षं करते आहे, आणि बघणाऱ्याला जिनसेंगइतकी भूल पाडणारी दुसरी मुळी माझ्या हाताखालून गेलेली नाही.

आधी नावाचा गोंधळ मिटवू. जिनसेंग म्हणजे पॅनॅक्स या प्रजातीतल्या वनस्पती. त्यातल्या दोन महत्त्वाच्या. पॅनॅक्स जिनसेंग ही आशियाई जात कोरिया, ईशान्य चीन आणि रशियाच्या अतिपूर्वेकडची, तर पॅनॅक्स क्विंक्विफोलियस ही उत्तर अमेरिकेतली. चीनच्या युन्नान प्रांतातली पॅनॅक्स नोटोजिनसेंग 'सानछी' या नावाने विकली जाते. तीही याच प्रजातीतली, पण तिचा वापर मुख्यतः रक्तस्रावासाठी होतो. याउलट 'सायबेरियन जिनसेंग' म्हणजे एल्युथेरो नावाचं काटेरी झुडूप, 'भारतीय जिनसेंग' म्हणजे आपली अश्वगंधा, आणि 'ब्राझिलियन जिनसेंग' म्हणजे फॅफिया. या वनस्पती वाईट आहेत असं नाही, पण त्या जिनसेंग नाहीत. अमेरिकेने तर २००२ साली कायदाच केला की पॅनॅक्स सोडून दुसरं काहीही जिनसेंग म्हणून विकायचं नाही. तेव्हा डबीवर वनस्पतीचं पूर्ण शास्त्रीय नाव नसेल तर पुढचं काही वाचायची गरज नाही.

आता मुळीकडे वळू.

जिनसेंगचं रोप सावलीतलं, थंड प्रदेशातलं आणि वाढीला अतिशय संथ. दर हिवाळ्याआधी त्याचा जमिनीवरचा देठ गळून पडतो. वसंतात मुळीच्या माथ्यावरच्या डोळ्यातून नवा देठ येतो, बहुतेक वेळा एकच. जुना देठ जिथून सुटला तिथे एक उथळ खळगा राहतो. चिनी व्यापारी त्याला 'वाटी' म्हणतात. पुढच्या वर्षी त्याच्या जरा वर, जरा बाजूला दुसरी वाटी पडते. अशा वाट्या एकीवर एक चढत जाऊन मुळीच्या डोक्यावर जो दांडा तयार होतो, ती मान. शास्त्राच्या भाषेत ते मूळ नसून जमिनीखालचं खोड आहे. दरवर्षी एक वाटी, म्हणजे मुळीची जन्मपत्रिकाच या मानेवर लिहिलेली असते. म्हणून पारखी माणूस मुळी हातात आली की धडाकडे नंतर बघतो, आधी मान न्याहाळतो.

जंगलात अनेक दशकं काढलेल्या मुळीची मान तीन टप्प्यांची असते. धडाला लागून असलेला सगळ्यात जुना भाग बारीक आणि जवळजवळ गुळगुळीत, कारण सुरुवातीच्या वर्षांचे खळगे काळाने पुसून टाकलेले असतात. मधल्या भागात लहान लहान वाट्या दाटीवाटीने बसलेल्या. वरच्या टोकाला, रोप थोराड झाल्यानंतरच्या, मोठ्या आणि ठळक वाट्या. यांना चिनी पारखी घोड्याचे दात म्हणतात. अशी मान वाकडीतिकडी, पिळवटलेली, आणि कित्येकदा खालच्या धडाइतकी लांब असते. कधी कधी मानेलाच बाजूने एखादं जादा मूळ फुटतं, मध्ये फुगीर आणि दोन्ही टोकांना निमुळतं, खजुराच्या बीसारखं. शेतातल्या मुळीला हे सगळं करायला वेळच मिळालेला नसतो. तिची मान आखूड आणि जाड, चार-पाच मोठ्या खुणांवर संपलेली.

वाट्या मोजून वय काढता येतं का? येतं, पण ते किमान वय. पहिल्या वर्षाची खूण नीट दिसत नाही, म्हणून मोजलेल्या वाट्यांत एक मिळवायचं. अमेरिकेत निर्यातीसाठी जंगली मुळी किमान पाच वर्षांची लागते आणि तिथले तपासनीस मानेवर चार खुणा आहेत का ते बघतात, त्यामागचा हिशेब हाच. पण खूप जुन्या मुळीत खालच्या खुणा झिजलेल्या असतात. एखाद्या वर्षी रोप जमिनीवर येतच नाही, मुळी नुसती झोपून राहते. कधी मान मोडते आणि नव्या डोळ्यातून दुसरी मान सुरू होते. त्यामुळे 'तीसच्या पुढची असावी' असं बोलणाऱ्या माणसावर माझा विश्वास बसतो. 'बरोबर सदुसष्ट वर्षांची' असं छातीठोक सांगणाऱ्यावर बसत नाही.

मानेखाली खांदा. जंगली मुळीच्या खांद्यावर बारीक, खोल, काळसर वळ्या असतात, जणू कुणी काळा दोरा घट्ट गुंडाळून काढला असावा. या वळ्या का पडतात हे कळलं की नकली वळ्या ओळखणं सोपं जातं. मान दरवर्षी वर सरकते आणि माथ्यावरचा डोळा उघडा पडून गोठण्याचा धोका असतो. म्हणून मुळी आक्रसून स्वतःला खाली ओढून घेते. या आक्रसण्याने खांद्याची साल चुण्या पडून गोळा होते. वर्षानुवर्षं हे चालतं, आणि म्हणूनच खऱ्या वळ्या खांद्यापाशी दाट असतात, खाली धडावर उतरत नाहीत. शेतातल्या मुळीवर वळ्या विरळ, उथळ, मध्येच तुटलेल्या किंवा धडभर पसरलेल्या दिसतात. मात्र हा नियम आशियाई मुळीचा. अमेरिकन जातीच्या शेतातल्या मुळीवरही बऱ्यापैकी वळ्या असतात, तेव्हा तिथे एवढ्या खुणेवर विसंबू नये.

धडाबद्दल लोक सगळ्यात जास्त बोलतात आणि ते सगळ्यात कमी सांगतं. चिनी भाषेतल्या 'रेनशेन' या नावातला 'रेन' म्हणजे माणूस. त्या नावानेच सगळ्यांना माणसाचा आकार शोधायची सवय लावली आहे. पाय फुटणं हा मातीचा परिणाम. दगड लागला, टोक दुखावलं की मुळी दुभंगते, मग ती जंगलात असो की वाफ्यात. फरक ठेवणीत आहे. जंगलातली मुळी पालापाचोळ्याच्या पातळ थरात, दगड आणि दुसऱ्या झाडांची मुळं चुकवत वाढते. त्यामुळे ती खोल न जाता आडवी-तिरपी पसरते; धड आखूड, पाय फाकलेले, अंग आटोपशीर, साल घट्ट आणि पिवळसर तपकिरी. शेतात उंच केलेल्या भुसभुशीत वाफ्यात ती सरळ खाली उतरते आणि गाजरासारखी मांसल होते.

शेवटी तंतुमुळं. मी ती भिंगाखाली सगळ्यात जास्त वेळ बघते. जंगली मुळीला ती मोजकीच, पण लांब आणि चिवट असतात. सुकल्यावरही चामड्याच्या वादीसारखी वाकतात. त्यांच्यावर मोत्यासारखे बारीक बारीक उंचवटे असतात. दर हंगामात अन्न शोषायला फुटणारी नाजूक मुळं गळून पडली की मागे हे उंचवटे राहतात. शेतातल्या मुळीची तंतुमुळं पुष्कळ, आखूड आणि ठिसूळ, केरसुणीसारखी. मोती असले तरी तुरळक. बऱ्याचदा ती विकण्याआधीच छाटलेली असतात. कुणी 'जंगली' म्हणून तंतुमुळं छाटलेली मुळी देत असेल, तर पुराव्याचाच भाग कापून देतो आहे असं समजावं.

चीनमधले जुने पारखी या सगळ्या खुणा एका पद्यात पाठ करतात. मान, खांदा, साल, तंतुमुळं आणि मोती, सगळं त्यात येतं. मला ती पद्धत आवडते, कारण पद्यात एकच खूण नसते. पाचही खुणा एकमेकींशी जुळल्या पाहिजेत. मान साठ वर्षांची आणि धड सहा वर्षांचं असं निघालं, तर दोन वेगळ्या मुळ्या एकत्र आलेल्या असतात. हे मी उपमा म्हणून लिहीत नाही, शब्दशः लिहिते आहे.

माझ्या सुरुवातीच्या काळात एका व्यापाऱ्याने दाखवलेली मुळी पाहून मी हरखून गेले होते. तिची मान बोटभर लांब, सुरेख पिळाची. खांद्याला माती लागलेली होती, ती मी अस्सलपणाची खूण मानली आणि चांगला शेरा लिहून मोकळी झाले. नंतर माझ्याहून जुन्या एका सहकाऱ्याने मुळी कोमट पाण्यात ठेवली. अर्ध्या तासात माती विरघळली, तिच्याखालचा डिंक सुटला आणि मान अलगद बाजूला झाली. त्या दिवसापासून माती लागलेला सांधा दिसला की मी आधी तिथेच बघते.

या धंद्यातल्या क्लृप्त्या ठरावीक आहेत. मान चिकटवणं, दुसऱ्या मुळीची लांब तंतुमुळं जोडणं, दोरा बांधून खांद्यावर वळ्या पाडणं, सालीला मातकट रंग चोळणं. वजन वाढवण्यासाठी मुळ्या साखरेच्या पाकात मुरवतात. अशी मुळी पांढरट, हाताला चिकट आणि पहिल्याच चाव्याला गोड लागते. खऱ्या जिनसेंगची चव आधी कडू असते, गोडवा मागाहून येतो. मुळीत धातूची तार खुपसून वजन वाढवल्याचेही प्रकार झालेले आहेत, म्हणून महाग मुळी आकाराच्या मानाने जड वाटली तर शंका घ्यावी. शेवाळात गुंडाळून सुंदर पेटीत ठेवलेली मुळी मात्र यातलं काहीच सिद्ध करत नाही. ताजी मुळी ओलसर राहावी म्हणून खणणारे ती शेवाळात गुंडाळतात हे खरं, पण शेवाळ कुणालाही मिळतं.

वजनावरून आठवलं. सहा वर्षांची शेतातली ताजी मुळी सहज ७०-८० ग्रॅम भरते. जंगलातली वीस वर्षांची मुळी पुष्कळदा दहा-पंधरा ग्रॅमच्याही आत असते. 'सात ल्यांग भरली तर जिनसेंग, आठ ल्यांग भरली तर रत्न' अशी एक चिनी म्हण आहे. जुन्या मापातला ल्यांग म्हणजे सुमारे ३१ ग्रॅम. एवढी जंगली मुळी किती दुर्मिळ ते त्या म्हणीवरूनच कळावं. तेव्हा लठ्ठ मुळी आणि मोठं वय या दोन गोष्टी एकत्र सांगितल्या गेल्या की सावध व्हावं. शेतात वीस वर्षं ठेवू म्हटलं तरी मुळी टिकत नाही. सहा-सात वर्षांनंतर ती लाकडासारखी होऊ लागते आणि कुजण्याचं प्रमाण वाढतं.

आता खरा गुंता. जंगली आणि शेतातली यांच्या मध्ये एक मोठा पट्टा आहे, आणि आज 'जंगली' म्हणून विकली जाणारी बरीचशी मुळी त्या पट्ट्यातली असते. जंगलात बी टाकून ते वाढू दिलेलं, किंवा वाफ्यातली कोवळी मुळी जंगलात नेऊन लावलेली. कोरियात खऱ्या जंगलीला 'सानसाम' म्हणतात आणि जंगलात लावलेल्याला 'सानयांगसाम'. ही दुसरी मुळी विकायची तर तिथल्या वनोपज संस्थेची तपासणी पार करून तसं लेबल लावावं लागतं. चीनमधली व्याख्या तर ग्राहकाने लक्षात ठेवावी अशी आहे. तिथल्या राष्ट्रीय मानकानुसार दाट जंगलात नैसर्गिकरीत्या पंधरा वर्षांहून अधिक वाढलेल्या जिनसेंगला 'येशानशेन', म्हणजे शब्दशः 'रानडोंगरी जिनसेंग', म्हणता येतं. बी माणसाने टाकलेलं असलं तरी. म्हणजे विक्रेता खोटं बोलत नसतो, आणि तुमच्या डोक्यातलं 'जंगली'ही हातात पडत नाही. खरं निसर्गतः उगवलेलं जिनसेंग चीनमध्ये आता संरक्षित वनस्पतींच्या यादीत आहे.

या मधल्या मुळीला मी कमी लेखत नाही. पंधरा-वीस वर्षं जंगलात, खत-फवारणीशिवाय वाढलेली मुळी चांगलीच असते आणि तिच्या मानेवर ती वर्षं दिसतात. फक्त वाट्या जरा मोठ्या, मान जास्त सरळ, तीन टप्पे अस्पष्ट आणि मोती कमी. तिची किंमत तिच्याच नावाने द्यावी, एवढंच.

अमेरिकेची कथा वेगळी आणि कागदपत्रांच्या दृष्टीने जास्त स्वच्छ आहे. १७१६ साली लाफितो नावाच्या जेसुइट पाद्र्याला मॉन्ट्रियलजवळच्या जंगलात ही वनस्पती मोहॉक लोकांच्या मदतीने सापडली. चीनमधल्या जिनसेंगचं वर्णन करणारं दुसऱ्या पाद्र्याचं पत्र त्याच्या वाचनात आलं होतं. पुढे १७८४ मध्ये 'एम्प्रेस ऑफ चायना' हे जहाज न्यूयॉर्कहून कँटनला गेलं, तेव्हा त्यात सुमारे ३० टन जिनसेंग होतं. इतक्या खणण्याचा जो परिणाम व्हायचा तो झाला. १९७५ पासून अमेरिकन जिनसेंग साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावर लगाम घालणारा हा आंतरराष्ट्रीय करार; त्या परिशिष्टातल्या वनस्पतीच्या निर्यातीला परवाना लागतो. अमेरिकेतली १९ राज्यं जंगली मुळीच्या निर्यातीला परवानगी देतात. खणण्याचा हंगाम साधारणपणे १ सप्टेंबरला सुरू होतो. रोपाला किमान तीन पानफांद्या हव्यात, आणि पिकलेलं बी तिथेच पुरावं लागतं. कॅनडा जंगली मुळीची निर्यात होऊच देत नाही. म्हणून 'कॅनडाची जंगली मुळी' असं कुणी म्हणालं तर ती शेतातली तरी आहे किंवा चोरीची तरी.

या नियमातली एक फट माहीत असावी. साइट्सचं बंधन अख्ख्या मुळीला, कापांना आणि तुकड्यांना आहे. भुकटी, अर्क, चहा आणि गोळ्या त्यातून वगळलेल्या आहेत. त्यामुळे 'जंगली जिनसेंगची भुकटी' म्हणून जे विकलं जातं त्याच्यामागे परवान्याचा कागदही नसतो आणि बघायला मानही नसते. शिवाय साधा हिशेब करून बघा. जंगली मुळीला पौंडाला कैक शे डॉलर मिळतात, शेतातल्या मुळीला त्याचा लहानसा हिस्सा. ती किंमत मुख्यतः मुळीच्या रूपाला आहे. हे रूप दळून टाकण्याचा वेडेपणा कोण करेल?

आशियाई मुळीबाबत साइट्सची यादी फक्त रशियातल्या वनस्पतींना लागू आहे. कोरियातल्या जंगली मुळीबरोबर येणारं प्रमाणपत्र बहुधा एखाद्या पारखी संघटनेचं असतं. चीनमध्ये तपासणी केंद्राचा क्रमांक आणि मुळीचा फोटो असलेलं कार्ड मिळतं. तो क्रमांक देणाऱ्या केंद्राकडेच तपासावा, आणि फोटोतली मुळी समोरच्या मुळीशी तंतू न् तंतू जुळवावी. खरं कार्ड आणि दुसरीच मुळी, ही जोडी नवी नाही.

एवढं सगळं करून जंगली मुळी घ्यावी का? तुम्हाला ती भेट द्यायची असेल, संग्रहाला हवी असेल, आणि अस्सल वस्तूची किंमत मोजायची तयारी असेल तर जरूर. औषधी उपयोगासाठी मी सुचवत नाही. जिनसेंगवर माणसांत झालेल्या चाचण्या मुख्यतः शेतातल्या मुळ्यांच्या प्रमाणित अर्कांवर झाल्या आहेत. जंगली मुळी त्याहून जास्त गुणकारी असल्याचा भक्कम पुरावा माझ्या पाहण्यात नाही. जिनसेनोसाइड ही तिच्यातली मुख्य द्रव्यं, आणि ती जाड धडापेक्षा बारीक मुळांत जास्त प्रमाणात असतात. म्हणजे गोरं, गुबगुबीत धड घेणारा सौंदर्याचे पैसे मोजतो, आणि बाजूला पडलेली स्वस्त तंतुमुळं पेल्यात जास्त कडू उतरतात. त्यांना मातीही जास्त चिकटलेली असते हे खरं; धुऊन घ्यावीत.

तर शेतातली चांगली मुळी कशी घ्यायची? अख्खी घ्यावी. भुकटीत आणि कापांत काय मिसळलं आहे हे डोळ्यांना कळत नाही. मुळी वजनाला भरीव, टोकांपर्यंत टणक हवी. दाबल्यावर पोकळ किंवा स्पंजासारखी लागली तर ती हिवाने तरी बिघडलेली असते किंवा घाईने वाळवलेली. काप स्वच्छ हवा. बाहेरच्या बाजूला एकच पिवळसर तपकिरी वर्तुळ आणि त्याच्याबाहेर राळेचे नारिंगी-तपकिरी बारीक ठिपके दिसले पाहिजेत. वास मातकट, गोडसर आणि स्वतःचा असा. नाकाला आंबूस झोंबला आणि मुळी संशयास्पद पांढरीशुभ्र असली, तर तिला गंधकाची धुरी दिलेली आहे. धुरीने मुळी दिसायला छान होते, कीड लागत नाही, पण आतली द्रव्यं बदलतात.

कापावर एकात एक अनेक वर्तुळं दिसली तर मुळी फेकून द्या. फायटोलॅका नावाच्या वनस्पतीची मुळी जिनसेंग म्हणून खपवली जाते आणि ती विषारी आहे. गुलबक्षीच्या मुळीचीही भेसळ होते. कोरियात 'दोराजी' म्हणून खाल्ली जाणारी घंटाफुलाची मुळी निरुपद्रवी, पण तीही दिसायला फसवते. तिच्यात पिष्ट नसतं, त्यामुळे कापावर आयोडीनचा थेंब टाकला तर ती निळी-काळी होत नाही, जिनसेंग होतं. ही चाचणी फक्त घंटाफुलापुरती. फायटोलॅकातही पिष्ट असतं, तिथे वर्तुळंच बघायची.

पांढरं की लाल, हा जातीचा नसून प्रक्रियेचा भेद आहे. उन्हात किंवा उष्ण हवेत वाळवलं की पांढरं, आधी वाफवून मग वाळवलं की लाल. वाफवताना काही जिनसेनोसाइडांचं रूप बदलतं आणि मुळी जास्त टिकते. कोरियातल्या लाल मुळीच्या डब्यांवर प्रत लिहिलेली असते: 'चोनसाम' म्हणजे स्वर्ग, 'जीसाम' म्हणजे भूमी, 'यांगसाम' म्हणजे चांगली. मुळीच्या पोटात पोकळी किंवा पांढरा गाभा किती आहे, त्यावर ही प्रत ठरते. बरोबरचा आकडा ६०० ग्रॅममध्ये किती नग बसतात ते सांगतो. आकडा लहान तितक्या मुळ्या मोठ्या आणि महाग. रोज उकळून प्यायची असेल तर 'यांगसाम'मधल्या लहान मुळ्या पुरेशा आहेत. 'चोनसाम' भेटीच्या पेटीत शोभतं.

अमेरिकन जातीची शेतातली मुळी हवी असेल तर विस्कॉन्सिन राज्यातली मॅरेथॉन काउंटी हे तिचं जुनं माहेर, कॅनडात ओंटारिओ. याच जातीची लागवड आता चीनमध्येही होते, आणि ती विस्कॉन्सिनच्या नावाने विकली जाते. विस्कॉन्सिनच्या उत्पादक मंडळाची मोहोर असलेलं सीलबंद पाकीट थोडं महाग पडतं, पण मी तेच घेईन. कुठलीही असो, कीटकनाशकांचा आणि जड धातूंचा त्या लॉटचा अहवाल मागावा. दाट सावलीत, एकाच जागी वर्षानुवर्षं उभ्या राहणाऱ्या या पिकाला बुरशी फार लागते आणि फवारण्याही तितक्याच होतात. माझ्या मते ग्राहकाने विचारायचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच आहे, आणि 'जंगली आहे का' विचारणारे शंभर जण भेटतात तेव्हा हा विचारणारा एखादाच भेटतो.

घेण्याचं प्रमाण वाळलेल्या मुळीचं दिवसाला एक ते दोन ग्रॅम, तेही सलग महिनोन्‌महिने नाही. रक्त पातळ करणारं वॉरफरिन चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नका. अमेरिकन जिनसेंगने त्याचा परिणाम कमी होतो हे चाचणीत दिसलं आहे. मधुमेहाची औषधं चालू असतील तर साखर जास्त उतरू शकते. गरोदरपणात टाळावं. झोप उडते अशी तक्रार असेल तर सकाळीच घ्यावं.

तुमच्या विक्रेत्याकडून एवढंच मागवा: मानेचा जवळून फोटो, शेजारी मोजपट्टी ठेवून; सगळी तंतुमुळं पसरलेला दुसरा फोटो; आणि वजनकाट्यावरचा तिसरा. त्या मानेवर पाचच्या आसपास मोठ्या खुणा दिसतील असा माझा अंदाज आहे. तसं निघालं आणि मुळी भरीव, वासाची, अहवालासह असली, तर सहा वर्षांच्या शेतातल्या मुळीच्या भावाने ती खुशाल घ्या. घरी आणल्यावर हवाबंद बरणीत, कोरड्या जागी, थोडे कोरडे तांदूळ घालून ठेवा, आणि महिन्या-दोन महिन्यांनी उघडून भोकं पडली आहेत का ते बघत जा. या मुळीला कीड फार आवडीने लागते.